फोटोतल्या माणसांची नावं



१८६६ साली रुडकीच्या थॉमसन इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकून निघालेला एक तरुण इंदूरला आला आणि सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागला. काम नकाशे काढण्याचं, खर्चाचे अंदाज बांधण्याचं. मीरतजवळच्या सरधन्याचा हा तरुण म्हणजे लाला दीनदयाळ. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. गव्हर्नर जनरलचे मध्य भारतातले एजंट सर हेन्री डेली यांनी त्यांना उत्तेजन दिलं, दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी आश्रय दिला. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सची स्वारी हिंदुस्थानात आली तेव्हा तिचे फोटो काढण्याची संधी त्यांना मिळाली. डेलींच्या जागेवर आलेले सर लेपेल ग्रिफिन १८८२ मध्ये त्यांना घेऊन बुंदेलखंडाच्या दौऱ्यावर निघाले. मध्य भारतातल्या प्रसिद्ध वास्तूंवरचं ग्रिफिन यांचं पुस्तक १८८६ मध्ये निघालं, त्यातले फोटो दीनदयाळांचे. पुढे सिकंदराबादला आणि मुंबईला त्यांचे स्टुडिओ झाले, निजामाने त्यांना ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ हा किताब दिला, आणि जग त्यांना हैदराबादचे राजा दीनदयाळ म्हणून ओळखू लागलं. पण हा माणूस घडला आपल्या इंदुरात. पहिला स्टुडिओ त्यांनी इथेच काढला.

आता मी विचारतो, ते फोटो आज कुठे आहेत? दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ मध्ये त्यांच्या कुटुंबाकडून काचेच्या २,८५७ निगेटिव्ह मिळवल्या. त्या काळातले प्रिंट आणि अल्बम लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, काही खासगी संग्रहांत आहेत. म्हणजे निगेटिव्ह एका शहरात, तिचाच प्रिंट सात समुद्रांपलीकडे, आणि ज्या गावातून दीनदयाळांनी सुरुवात केली ते गाव तिसरीकडे. दीनदयाळांच्या स्टुडिओत निगेटिव्हवर क्रमांक घालत. अनेक प्रिंटांच्या कोपऱ्यात तो आजही वाचता येतो. प्रिंट आणि काच शेजारी ठेवली की कोणता प्रिंट मूळचा, कोणत्या प्रिंटची कड नंतर कापली गेली, हे कळतं. पण शेजारी ठेवणार कशी? काच प्रवास करत नाही, आणि करूही नये. संगणकाच्या पडद्यावर मात्र हे काम रामबागेतल्या घरात बसलेली एखादी इतिहासाची विद्यार्थिनी करू शकते, अट एवढीच की दोन्ही संस्थांनी आपापली प्रतिमा पुरेशा मोठ्या आकारात आणि क्रमांकासकट मोकळी केलेली असावी.

दुसरं उदाहरण पॅरिसचं. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर आणि महाराणी संयोगितादेवी यांचे मॅन रे या अमेरिकन कलावंताने फ्रान्समध्ये काढलेले फोटो आज कलेच्या इतिहासात मानाने मिरवतात. मॅन रेच्या निगेटिव्हचा मोठा संग्रह पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रात आहे. यशवंतरावांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून १९३० नंतरच्या तीन-चार वर्षांत इंदुरात माणिकबाग हा महाल बांधून घेतला. तिथल्या खुर्च्या, दिवे, गालिचे १९८० मध्ये मोनाकोच्या लिलावात विकले गेले आणि जगभर पांगले. आज त्या इमारतीत केंद्र सरकारच्या करखात्याचं कार्यालय आहे. माणिकबाग आतून एकसंध कशी दिसत होती हे बघायचं तर आता फोटोखेरीज मार्ग नाही. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयाने यशवंतरावांवर मोठं प्रदर्शन भरवलं. त्याचं मला कौतुक आहे. पण माणिकबागेच्या रस्त्यावरून रोज सायकलने शाळेत जाणाऱ्या मुलाला ते दालन बघायला पॅरिसचं तिकीट लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

जुने फोटो लोकांसाठी इंटरनेटवर ठेवण्याची चर्चा निघाली की बहुधा ‘जतन’ हा शब्द पुढे येतो. जतन महत्त्वाचं आहेच. आज मात्र मी दुसऱ्या कारणासाठी उभा आहे. फोटोत जे दिसतं ते फोटो स्वतः सांगतो, पण ते कोण आहे हे सांगत नाही. ते सांगणारं माणूस बहुतेक वेळा संग्रहालयाच्या बाहेर असतं, आणि ते म्हातारं होत चाललेलं असतं. म्हणून फोटो उघडे करायचे ते केवळ दाखवण्यासाठी नाहीत, विचारण्यासाठी.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १६ जानेवारी २००८ रोजी हे करून पाहिलं. आपल्या भांडारातले सुमारे तीन हजार फोटो फ्लिकर या संकेतस्थळावर टाकले आणि लोकांना सांगितलं, तुम्हाला जे माहीत असेल ते लिहा. त्यांत १९१० च्या आसपासच्या एका वृत्तसंस्थेचे फोटो होते, त्यांच्या काचांवर खरडलेली अर्धीमुर्धी नावं होती. लोकांनी जुनी वर्तमानपत्रं काढली, रस्त्याच्या कोपऱ्यावरची इमारत ओळखली, कुणी आपलं गाव ओळखलं. वर्ष उलटण्याच्या आत पाचशेहून अधिक फोटोंच्या नोंदी लायब्ररीने स्वतः तपासून सुधारल्या. ‘स्वतः तपासून’ यावर मी भर देतो. लोकांनी सांगितलं ते जसंच्या तसं छापलं नाही, पडताळलं, आणि मग सूचीत घेतलं. जाणकार आणि सामान्य वाचक यांनी एकमेकांचा हात धरल्याशिवाय हे काम होत नाही.

आता इंदूरच्या बाबतीत हे कसं चालेल? समजा, एक गटफोटो आहे. पुढच्या रांगेत खुर्च्यांवर रेसिडेन्सीचे साहेब, त्यांची नावं डावीकडून उजवीकडे ओळीने लिहिलेली. मागे उभी असलेली पंधरा-वीस माणसं मात्र ‘एतद्देशीय अधिकारी’ या दोन शब्दांत गुंडाळलेली. लंडनचा सूचीकार याहून पुढे जाऊ शकत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. पण जुन्या इंदुरातल्या एखाद्या आजींना पगडीची ठेवण बघून कळतं की हा गृहस्थ होळकरशाहीतला कारकून की सरदाराच्या घरचा. अंगरख्याच्या बंदावरून, उपरण्यावरून, नऊवारीच्या ओच्यावरून त्या माणसाची जागा सांगतात. आणि एखाद वेळी सरळ म्हणतात, हे तर आमच्या आत्याचे सासरे.

इमारतीही बोलतात. किंग एडवर्ड हॉल १९०४ मध्ये उभा राहिला, स्वातंत्र्यानंतर तो गांधी हॉल झाला. मागे त्याचा घड्याळाचा मनोरा पुरा झालेला दिसला की फोटो १९०४ च्या अलीकडचा. लालबाग महालाचं काम १८८६ पासून १९२१ पर्यंत टप्प्याटप्प्याने चाललं, त्यामुळे कोणता भाग बांधून झालाय यावरून दशक धरता येतं. खान नदीला पाणी किती आहे, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी घाट कसा आहे, राजवाड्यासमोर टांगे आहेत की मोटारी, हे सगळं वाचायला परदेशी पदवी लागत नाही, या गावात हयात काढलेली असावी लागते. हे ज्ञान आज टिळकनगरात, स्नेहलतागंजमध्ये, जुन्या इंदुरातल्या शनिगल्लीत सत्तरी-ऐंशीच्या माणसांपाशी आहे. त्यांच्यापर्यंत फोटो पोचले नाहीत तर ते त्यांच्याबरोबर जाईल.

यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला कायद्याचा. संस्था म्हणतात, हक्काचा प्रश्न आहे. कायदा काय सांगतो ते बघू. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा हक्क तो प्रसिद्ध झाल्या वर्षापासून मोजत. आधी पन्नास वर्षं, मग नव्वदीच्या सुरुवातीच्या दुरुस्तीने साठ. २०१२ च्या दुरुस्तीने छायाचित्रकारालाही लेखकासारखं मानलं, हयातभर आणि मृत्यूनंतर साठ वर्षं. दीनदयाळ १९०५ मध्ये गेले. त्यांच्या कोणत्याही फोटोवर आज कुणाचा कॉपीराइट उरलेला नाही. मॅन रेचं वेगळं आहे. तो १९७६ मध्ये गेला, आणि फ्रान्सच्या कायद्याने त्याच्या फोटोंवरचा हक्क २०४६ संपेपर्यंत चालेल. म्हणजे यशवंतरावांचे आजोबा-पणजोबा इंटरनेटवर मोकळेपणी वावरू शकतात, यशवंतरावांना अजून थांबावं लागेल. घरच्या फोटोंबद्दलही एक तरतूद फार थोड्यांना माहीत असते. आजोबांनी पैसे मोजून स्टुडिओत फोटो काढून घेतला असेल आणि उलट काही करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक कायद्याने आजोबा, स्टुडिओवाला नव्हे.

मग ज्या फोटोंवर कुणाचाच हक्क नाही त्यांच्यावर भलामोठा शिक्का मारून, बोटभर आकारात ते टाकण्यात काय अर्थ आहे? शिक्का नेमका चेहऱ्यावरून जातो. बोटभर फोटोत पगडीचा पीळ दिसत नाही. असं करणाऱ्या संस्था सरकारी असोत की खासगी, त्या फोटो दाखवतही नाहीत आणि लपवतही नाहीत, आणि या दोन्हींतलं नुकसान तेवढं पदरी पडतं. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने २०१६ च्या जानेवारीत हक्कमुक्त अशा १,८०,००० हून अधिक वस्तूंच्या मोठ्या प्रतिमा कुणालाही, कोणत्याही कामासाठी, परवानगी न मागता उतरवून घेता येतील असं जाहीर केलं. त्याने लायब्ररीची किंमत कमी झाली नाही. सरकारी कोठीतली धान्याची पोती उंदरांच्या भीतीने कुलपात ठेवून लोक उपाशी ठेवावेत, तसं हे शिक्क्यांचं धोरण आहे.

दुसरा आक्षेप गैरवापराचा. त्याला आधार आहे. झाशीच्या राणीचा ‘खरा फोटो’ म्हणून एक चित्र गेली कित्येक वर्षं आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर येतं. हॉफमन नावाच्या छायाचित्रकाराने तो १८५० साली काढला, असं खाली लिहिलेलं असतं. त्या दाव्याला ग्राह्य पुरावा कुणी दिलेला नाही, तरी फोटो फिरत राहतो. आता तर काळ्यापांढऱ्या फोटोंत यंत्र रंग भरतं, पुसट चेहरे नव्याने घडवतं, आणि ते घडवलेले चेहरे इतिहास म्हणून पुढे जातात. पण यावर उपाय संग्रह बंद करण्याचा आहे का? खोटा फोटो पसरतो तो नेमका खऱ्या फोटोचा पत्ता कुणाला सापडत नाही म्हणून. फोटो कुठून आला, कुणी काढला, कोणत्या संस्थेत कोणत्या क्रमांकाखाली आहे, मागे काय लिहिलंय, हे मूळ प्रतिमेबरोबर एका जागी उघडं असेल तर शाळेतलं पोरसुद्धा पडताळा घेऊ शकेल.

मात्र प्रत्येक फोटो उघडा करावा असं मी म्हणणार नाही. इथे मला थोडं थांबायचं आहे.

१८९२ मध्ये दीनदयाळांनी हैदराबादेत एक जनाना स्टुडिओ काढला. तिथे पडद्यातल्या स्त्रियांचे फोटो स्त्रीच काढत असे. मिसेस केनी-लेविक या इंग्रज बाईंकडे तो स्टुडिओ सोपवला होता. तिथे आलेल्या स्त्रिया एका भरवशावर कॅमेऱ्यासमोर बसल्या, की हा फोटो घराबाहेर जाणार नाही, परपुरुषाच्या नजरेला पडणार नाही. तसे फोटो आज कुणाच्या हाती आले तर ते सगळ्या जगापुढे मांडावेत का? कायदा अडवणार नाही. तरी माझं मत असं आहे की तो शब्द शंभर वर्षांनीही मोडू नये, निदान त्या घराण्यातल्या आजच्या स्त्रियांना विचारल्याखेरीज तरी. आणखी एक प्रकार आहे. १८६८ ते १८७५ या काळात सरकारने हिंदुस्थानातल्या लोकांच्या जातीजमातींचे फोटो आठ खंडांत प्रसिद्ध केले. त्यांत माणसाचं नाव क्वचितच, जातीचं नाव मात्र ठळक, आणि सोबतच्या मजकुरात त्या जातीच्या स्वभावाबद्दल शेरे. ते खंड आज इंटरनेटवर आहेत. असावेतच, पण तो मजकूर जुन्या सत्तेचा आहे हे शेजारी स्पष्ट लिहिलेलं हवं. आणि त्या जमातींच्या आजच्या माणसांना आपल्या पूर्वजांबद्दल तिथेच लिहिता यायला हवं. १८७६-७८ च्या मद्रासच्या दुष्काळात विलोबी हूपर या लष्करी अधिकाऱ्याने हाडांचे सापळे झालेल्या माणसांना ओळीत बसवून फोटो काढले, यावरून त्याच्या काळातच त्याच्यावर टीका झाली होती. आपण ते फोटो उघडे करताना त्या टीकेहून कमी विचार करून चालणार नाही.

आता मूळ वस्तूच नाहीशी होण्याबद्दल. १९८४ च्या दंगलीत आपला राजवाडा पेटला आणि मागचा भाग खाक झाला. हे या सभागृहातल्या कित्येकांनी डोळ्यांनी पाहिलंय. पुढे तो भाग पुन्हा उभारला गेला. पण जळण्याआधी खांबांवरची नक्षी कशी होती, सज्जा कसा होता, हे आज तरुणांना जुने फोटोच दाखवतात. २०१८ मध्ये ब्राझीलचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं, तेव्हा विकिपीडियाने लोकांना आवाहन केलं की तुम्ही तिथे काढलेले फोटो पाठवा. संग्रहालयाची स्मृती मग पाहुण्यांच्या मोबाइलमधून गोळा करावी लागली. आणि कागद-काच जळते म्हणून सगळं संगणकावर ठेवलं की निर्धास्त, असंही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. जगातल्या सर्वांत श्रीमंत ग्रंथालयांपैकी एकाच्या ऑनलाइन सेवा महिनोन्‌महिने कोलमडल्या. तिथले जुने हिंदुस्थानी फोटो ज्या पानांवर आपण सहज बघत होतो ती पानं उघडेनाशी झाली. त्या काळात ज्यांना ते फोटो हवे होते त्यांना ते सापडले कुठे? लोकांनी आधीच विकिमीडिया कॉमन्ससारख्या मोकळ्या भांडारांत ठेवलेल्या प्रतींमध्ये. फोटो लोकांच्या हाती मोकळा दिलेला होता म्हणून त्याची प्रत उरली.

आतापर्यंत मी राजेरजवाड्यांचे आणि साहेबांचे फोटो सांगितले, कारण संस्थांनी तेच जपले. पण इंदूर म्हणजे नुसता राजवाडा नाही. हे गिरण्यांचं गाव होतं. हुकुमचंद मिल, मालवा मिल, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांचे थकलेले पैसे मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. त्या कामगारांचे, त्यांच्या पाळ्यांचे, युनियनच्या सभांचे, अनंत चतुर्दशीला रात्रभर चालणाऱ्या झांक्यांच्या मिरवणुकीचे फोटो कोणत्या संग्रहालयात आहेत? ते परदेशीपुऱ्यात, नंदानगरात, पत्र्याच्या पेटीत, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात आहेत. देवळालीकर मास्तरांच्या चित्रकला शाळेतल्या मुलांचा एखादा गटफोटो कुणाच्या माळ्यावर निघाला तर त्यातले चित्रकार बेंद्रे आपण ओळखू. त्यांच्या शेजारी बसलेला, पुढे आयुष्यभर शाळेत ड्रॉइंग शिकवलेला मुलगा कोण, हे त्याच्या नातीलाच ठाऊक असणार.

घरगुती फोटोंतून इतिहास उभा राहतो हे मुंबईत अनुषा यादव यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ने दाखवून दिलं. एक जुना फोटो आणि त्याबरोबर घरच्या माणसाने सांगितलेली हकीगत, एवढीच त्याची पद्धत. काठमांडूची ‘नेपाळ पिक्चर लायब्ररी’ २०११ पासून लोकांच्या घरचे फोटो घेते, स्कॅन करते आणि मूळ फोटो परत देते. हे परत देणं मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे घराघरांत एक धास्ती आहे की फोटो नेला की गेला, आणि ती अनुभवातून आलेली आहे. कुणी पुस्तकासाठी म्हणून अल्बम मागून नेतो, पुस्तक निघत नाही आणि अल्बमही येत नाही. म्हणून फोटो स्कॅन करायचा तो घरमालकाच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच टेबलावर, आणि मूळ फोटो त्याच्याच कपाटात राहू द्यायचा.

कामाच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. काळ्या कागदाच्या अल्बमातून चिकटवलेला फोटो ओढून काढू नका, पान तसंच स्कॅन करा. फोटोची मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच मोलाची आहे, कारण स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीने लिहिलेली तारीख तिथे असते. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला फोटो म्हणजे प्रत नव्हे, पाठवताना त्याचा आकार आणि तपशील दोन्ही गळतात. काचेची निगेटिव्ह पाण्याने धुऊ नका. फिल्मची जुनी निगेटिव्ह हाताला चिकट लागत असेल किंवा तिला उग्र वास येत असेल तर ती वेगळी आणि आगीपासून दूर ठेवा, १९५० च्या आधीची नायट्रेट फिल्म भडकन पेटते. आणि आजी-आजोबांना फोटो दाखवून ते बोलतील ते ध्वनिमुद्रित करा. त्यांना घाई करू नका. एका फोटोवर ते तासभर बोलले तर बोलू द्या.

शेवटचा मुद्दा सूचीच्या भाषेचा. आज परदेशी संग्रहांत इंदूर शोधायचं तर रोमन लिपीत शोधावं लागतं, आणि जुन्या इंग्रजी नोंदींत एकाच घराण्याचं नाव चार तऱ्हांनी लिहिलेलं असतं. देवनागरीत ‘होळकर’ किंवा ‘राजवाडा’ लिहिलं तर समोर काही येत नाही. ज्या आजींना पगडी ओळखता येते त्यांना ती खिडकी बंदच. राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१५ मध्ये ‘अभिलेख पटल’ सुरू केलं, संग्रहालयांसाठी पुण्याच्या सी-डॅकने ‘जतन’ ही संगणकप्रणाली तयार केली. पाया आहे. त्यावर इंदूरच्या फोटोंच्या मराठी, हिंदी आणि माळवी वर्णनांची भर आपण घालू शकतो, आणि त्यासाठी दिल्लीच्या हुकमाची वाट बघण्याचं कारण नाही. आपल्या गावात ग्रंथालयं आहेत, मराठी साहित्याच्या आणि नाटकाच्या संस्था आहेत, इतिहास आणि संगणक शिकणारी मुलं आहेत. एका मोहल्ल्यातले फोटो, एका शाळेतली मुलं, एक चांगला स्कॅनर, आणि प्रत्येक फाइलच्या तीन प्रती तीन वेगळ्या ठिकाणी, एवढ्यावर सुरुवात होते. पहिला मोहल्ला म्हणून मी परदेशीपुरा सुचवतो. गिरणीत पाळी केलेली माणसं तिथे अजून आहेत, आणि त्यांच्या फोटोंबद्दल त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही.